त्वचेतले पहारेकरी आणि कुष्ठरोग

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



काल याच मंचावर नाट्यपदे झाली, उद्या मुलांचे कार्यक्रम आहेत. मधल्या दिवशी कार्यकारिणीने मला उभे केले आहे. फलकावर विषय वाचून एका काकूंनी मला विचारलेच, "अरे, गणपतीत हा विषय कशाला?" काकू, एरवी कुष्ठरोगावर भाषण ठेवले तर कोणी येत नाही. आज आरतीला सगळे आलेलेच आहेत, म्हणून म्हटले बोलून घ्यावे.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेऊन राज्य शासनाच्या नोकरीत लागलो, त्याला वीस वर्षे होऊन गेली. काचपट्टी रंगवायची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आणि दिसेल ते लिहून द्यायचे, हे माझे काम. पाहता पाहता जे समजले आणि ज्या डॉक्टरांच्या हाताखाली काम केले त्यांच्याकडून जे शिकलो, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आपण त्वचेला शरीरावरचे आवरण समजतो. मोठ्या माणसाची त्वचा पसरली तर साधारण दीड ते दोन चौरस मीटर भरेल, म्हणजे तीन बाय सहाच्या पलंगाएवढी. एवढ्या मोठ्या कुंपणाला पहारा लागतोच. तो पहारा त्वचेतच राहणाऱ्या पेशी करतात.

त्यातला पहिला पहारेकरी सापडला १८६८ साली. बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी होता, वय अवघे एकवीस. त्याने त्वचेचा पातळ काप सोन्याच्या क्षाराने रंगवला, तेव्हा त्याला वरच्या थरात फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्या फांद्यांमुळे त्याला वाटले की या मज्जातंतूच्या पेशी आहेत. त्यांचे खरे काम पहाऱ्याचे आहे हे कळायला शंभर वर्षे लागली. वरच्या थरातल्या शंभर पेशींमागे या दोन ते चार असतात. हात पसरून बसलेल्या असतात. बाहेरचे काही आत आले की त्याचा तुकडा उचलतात आणि जवळच्या लसिका गाठीपर्यंत नेऊन दाखवतात. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, आपल्या आज्या म्हणायच्या "अवधाण आलं", ते गाठीत चाललेल्या या खटपटीचेच लक्षण.

दुसऱ्या मास्ट पेशी. डास चावल्यावर दोन मिनिटांत गांधी उठते, किंवा कोणाच्या अंगावर पित्त उठते, ते यांच्यामुळे. यांच्या पोटात हिस्टामिनचे दाणे भरलेले असतात. डिवचले की दाणे बाहेर, आणि त्या जागी रक्तवाहिन्या सैल पडून सूज येते.

तिसऱ्या भक्षक पेशी. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी मेच्निकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचला आणि सकाळी पाहिले तर काट्याभोवती पेशी गोळा झाल्या होत्या. बाहेरून आलेल्या वस्तूला गिळणे हे यांचे काम. आणि चौथ्या टी पेशी. यांना ओळख लक्षात राहते. एकदा पाहिलेला शत्रू त्या वर्षांनंतरही ओळखतात आणि भक्षक पेशींना हुकूम देतात.

हे झाले पहारेकरी. आता यांच्या हातून नुकसान कसे होते ते पाहू. आपल्याकडे लग्नकार्यात खोटे दागिने घालतात. काही जणींना दुसऱ्या दिवशी गळ्याभोवती लाल चट्टा उठतो, खाज सुटते, पाणी सुटते. त्या दागिन्यात निकेल असते. निकेल कातडी जाळत नाही. तसे असते तर शेजारी बसलेल्या वहिनींनाही चट्टा उठला असता. ज्यांच्या टी पेशींनी निकेलला शत्रू म्हणून नोंदवून ठेवले आहे, त्यांनाच त्रास होतो. टी पेशी जमायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून चट्टा उशिरा येतो. केसांना काळी मेहंदी लावणाऱ्या आमच्या काही पुरुष मंडळींचे डोळे सुजतात, तेही याच हिशेबाने. म्हणजे त्वचा मार खाते ती आपल्याच पहारेकऱ्यांचा.

दागिना काढला की चट्टा जातो. पण शत्रू जर अशा जागी लपला की जिथली मोडतोड भरून निघत नाही, तर? ती जागा म्हणजे नस, मज्जातंतू. आणि तो शत्रू म्हणजे कुष्ठरोगाचा जंतू.

१८७३ साली नॉर्वेच्या बर्गन शहरात डॉ. हान्सेन यांनी हा जंतू पाहिला. मोठा आळशी जंतू आहे. आपल्या आतड्यातले काही जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला बारा ते चौदा दिवस लागतात. आजपर्यंत प्रयोगशाळेतल्या कृत्रिम खाद्यावर कोणालाही तो वाढवता आलेला नाही. त्याला थंड जागा आवडते: कानाची पाळी, नाक, हातपाय, आणि कोपराजवळ, गुडघ्याजवळ कातडीलगत धावणाऱ्या नसा. नसेवर आवरण घालणारी जी पेशी असते, तिच्यात तो घर करतो. शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षे लागतात, कधी वीससुद्धा. आणि मुख्य गोष्ट म्हणजे हा जंतू स्वतः फारसे विष सोडत नाही.

मग बोटे का वाकतात? सुन्नपणा का येतो? हे समजावे म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्या दोन प्रकारच्या काचपट्ट्यांची गोष्ट सांगतो.

आम्ही कानाची पाळी चिमटीत घट्ट धरतो, म्हणजे रक्त येत नाही. पात्याने पाच मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर खोल चीर देतो, खरवडून आलेला रस काचेवर पसरतो आणि रंगवतो. जंतू असतील तर निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. पहिल्या प्रकारच्या पट्टीत या काड्या विडीच्या बंडलासारख्या गठ्ठ्यागठ्ठ्यांनी पडलेल्या असतात, एका नजरेच्या टप्प्यात हजाराहून अधिक. त्याला आम्ही सहा अधिक असे लिहितो, त्यापुढे मोजणी नाही. बाहेर बाकावर बसलेला तो रुग्ण मात्र म्हणतो, "मला काही होत नाही, कानाची पाळी जरा जाड झाली म्हणून आलो."

दुसऱ्या प्रकारची पट्टी अगदी स्वच्छ. शंभर जागा पाहा, एक काडी नाही. पण त्या रुग्णाच्या हातावर एकच फिकट चट्टा असतो, त्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही, कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागते आणि करंगळी वाकायला लागलेली असते.

जंतू ज्याच्याजवळ ढिगाने, त्याचा हात अजून शाबूत. आणि ज्याच्याजवळ जवळजवळ नाहीत, त्याची नस गेलेली. १९६६ साली रिडले आणि जॉपलिंग या दोन डॉक्टरांनी या रोगाचे पाच प्रकार एका ओळीत मांडले आणि दाखवले की ही ओळ जंतूंच्या जातीची नाही, जंतू एकच आहे. फरक आहे तो रुग्णाच्या पहारेकऱ्यांत.

पहिल्या रुग्णाच्या टी पेशी या जंतूपुढे झोपलेल्या असतात. भक्षक पेशी जंतू गिळतात, पण मारण्याचा हुकूमच येत नाही, म्हणून पोटात जंतूंचे गोदाम घेऊन बसतात. नसा याच्याही जातात, पण हळूहळू, वर्षांच्या हिशेबाने. दुसऱ्याच्या टी पेशी जागरूक. त्यांनी भक्षक पेशींना चेतवले, जंतू मारले, शिल्लक राहिलेल्यांभोवती वेढा घातला. वेढा पडला नसेच्या आत. जंतू मेले आणि नसही मेली.

या दोन टोकांच्या मध्ये बरेच रुग्ण असतात, आणि त्यांचे पहारेकरी आज शांत तर उद्या एकदम खवळलेले, असे असतात. या खवळण्याला आम्ही रिॲक्शन म्हणतो. आज मला मुख्यतः याबद्दलच सांगायचे आहे.

गोळ्या सुरू झाल्या, जंतू मरू लागले, त्यांचे तुकडे सुटले, आणि इतके दिवस मरगळलेल्या टी पेशी जाग्या झाल्या, की जुने चट्टे लाल होऊन फुगतात, हातापायांवर सूज येते, कोपराची किंवा गुडघ्याजवळची नस ठणकते. हे बहुधा उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत होते. कधी उपचारापूर्वी, तर कधी गोळ्या संपल्यावरही होते. कातडीवरची सूज उतरते, तिला फुगायला जागा असते. नसेला नसते. आपल्या इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या आठवा. मोकळ्या मैदानात तेवढीच गर्दी असली तर कोणाला इजा होत नाही. राजवाड्याजवळच्या अरुंद गल्लीत तीच गर्दी शिरली की माणूस भिंतीशी चिरडतो. कोपराच्या आतल्या हाडामागे, जिथे आपटले की हातभर मुंग्या येतात, तिथे नस अशाच अरुंद गल्लीतून जाते. तिथे सूज आली की नस आतून पहारेकऱ्यांनी मारलेली आणि बाहेरून दाबलेली. काही दिवसांत, काही आठवड्यांत करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट सुन्न होऊन वाकू लागते.

रिॲक्शनचा दुसराही एक प्रकार आहे. तो भरपूर जंतू असणाऱ्यांना होतो. अंगावर दुखऱ्या लाल गाठी येतात, ताप येतो, सांधे धरतात, डोळे लाल होतात. त्यात मेलेल्या जंतूंच्या अवशेषांशी प्रतिपिंडे चिकटून जे कण होतात, त्यांवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तुटून पडतात. मारणारा इथेही आपलाच.

आता घरात काय होते ते ऐका. आपल्याच समाजातले एक काका, पन्नाशीचे. चट्टा दाखवला, निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या महिन्यात चट्टा लालबुंद झाला, हात सुजला. त्यांनी गोळ्या बंद केल्या. घरात मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती, म्हणून कोणाला सांगितले नाही. पूर्ण बाहीचा सदरा घालून लग्न पार पाडले. आठ महिन्यांनी आले तेव्हा दोन बोटे वाकून बसली होती. मी विचारले, काका, हात दुखत होता तेव्हा का नाही आलात? ते म्हणाले, "मला वाटलं गोळी उष्ण पडली. मग वाटलं, रोग अंगातून बाहेर पडतोय, पडू दे."

काकांच्या बोटांवर पुढे व्यायाम झाले, शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. पण गेलेली जाणीव परत आली नाही. आता गरम कढई धरली तरी त्यांना कळत नाही, वास आल्यावर कळते. लोक म्हणतात कुष्ठरोगात बोटे झडतात. बोटे झडत नाहीत. सुन्न हाताला रोज भाजते, कापते, जखम चिघळते, हाड झिजते, आणि ते कळत नाही म्हणून थांबत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हीच गोष्ट जगाला दाखवून दिली आणि वाकलेल्या बोटांसाठी स्नायूंच्या दोऱ्या फिरवण्याच्या शस्त्रक्रिया केल्या.

काकांनी काय करायला हवे होते? गोळ्या चालू ठेवून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांकडे जायला हवे होते. रिॲक्शन म्हणजे गोळी बाधली असे नाही. जंतू मारण्याची गोळी आणि पहारेकऱ्यांना आवरण्याचे औषध ही दोन वेगळी औषधे आहेत, आणि रिॲक्शनमध्ये दोन्ही लागतात. आवरण्याचे औषध म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. डॉक्टर ते सुरुवातीला मोठ्या मात्रेत देतात आणि काही महिने हळूहळू उतरवत नेतात. साखर, रक्तदाब पाहावा लागतो, म्हणून ते देखरेखीखालीच घ्यायचे. नसेचे नुकसान सहा महिन्यांच्या आतले असेल तर या उपचाराने ते पुष्कळदा भरून येते. त्यानंतर आशा कमी होत जाते. म्हणजे काकांना मुदत होती, ती सोयरिकीत गेली.

स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. हेच औषध मलमाच्या रूपात औषधाच्या दुकानातून कोणीही आणतो आणि गजकर्णावर चोळतो. दोन दिवसांत खाज थांबते, कारण पहारेकरी झोपतात. मग बुरशी निवांत पसरते आणि जांघेतले गजकर्ण पाठीपर्यंत जाते. पहारेकऱ्यांना कधी आवरायचे आणि कधी नाही, हे ठरवणे दुकानदाराचे काम नाही आणि शेजाऱ्याचेही नाही.

आता आपण ओळखायचे कसे? अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला खाज नाही आणि जाणीव कमी आहे. आपल्या घरात वातीचा कापूस असतोच. त्याची बारीक टोकदार वात करा, समोरच्याला डोळे मिटायला सांगा, कधी चट्ट्यावर तर कधी निरोगी कातडीवर हलकेच टेकवा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगा. चट्ट्यावरचे कळत नसेल तर तपासणी हवी. याशिवाय कानाची पाळी जाड होणे, हातापायाला मुंग्या येत राहणे, चालताना चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, डोळा पूर्ण न मिटणे, सदऱ्याचे बटण लावायला त्रास होणे, ही लक्षणे दिसली तरी दाखवायला जा.

उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे. अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवली. सहा किंवा बारा महिन्यांत औषधोपचार पूर्ण होतो. रुग्णाच्या घरातल्यांचीही तपासणी होते आणि ज्यांना चालेल त्यांना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनची एक मात्रा देतात. डिसेंबर २००५ मध्ये आपल्या देशात रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले, त्यावरून पुष्कळांचा समज झाला की रोग संपला. तसे नाही. आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात.

आणि घाबरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोकांना हा रोग होतच नाही, जंतू आला तरी त्यांचे शरीर त्याला परतवते. तेही याच पहारेकऱ्यांमुळे. गोळ्या सुरू झालेल्या माणसाच्या पंगतीला बसायला भिण्याचे काही कारण नाही. कायद्यानेही ते मान्य केले आहे. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, ते २०१९ साली वगळले गेले.

आपल्या मराठी माणसांनी या कामात मोठी परंपरा घातली आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहर दिवाण यांनी, अमरावतीला तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी आणि वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमटे यांनी आयुष्य घातले. इंदूरमधली आपली कितीतरी घरे आनंदवनाला देणगी पाठवतात, उन्हाळ्यात मुलांना तिथे दाखवायला नेतात. त्याच घरात कोणाच्या पाठीवर चट्टा निघाला तर मात्र पूर्ण बाहीचा सदरा शिवला जातो. मला एवढेच म्हणायचे आहे की देणगी पाठवत राहा, आणि सदऱ्याची बाही वर करायचेही धाडस करा. लवकर आलेल्या माणसाला बहुधा काही व्यंग उरत नाही. तो बरा होऊन आपल्यातच बसलेला असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. माझ्या काचपट्ट्यांवर असे कितीतरी होऊन गेले.

आरतीची वेळ होत आली. सगळ्यांसमोर प्रश्न विचारायला संकोच वाटत असेल हे मी समजू शकतो. प्रसाद झाल्यावर मी मंडपामागे, पाण्याच्या टाकीजवळ थांबणार आहे. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी यावे. कोण आले, काय विचारले, ते माझ्याजवळच राहील. दवाखान्यात कोणत्या खिडकीवर जायचे, एवढे तरी मी नक्की सांगेन.



गणपती बाप्पा मोरया!